फर्निचरसह सेकंड होम घेताना

फर्निचरसह विकल्या जाणाऱ्या सेकंड होमच्या व्यवहारात घर आणि सामान अशा दोन गोष्टींची खरेदी होते. पावणे, तुर्भे, रबाळे या पट्ट्यातून कर्जत, लोणावळा, अलिबागकडे घर शोधणाऱ्यांना एजंट हमखास सुचवतो, की फर्निचरचा वेगळा करार करा, मुद्रांक शुल्क वाचेल. घरावर ठिकाणानुसार साधारण पाच ते सात टक्के शुल्क लागते, सामानाच्या दस्तावर तीन.

बचत मात्र दिसते तेवढी नसते. समजा, ८० लाखांचा सौदा ६८ लाख घर आणि १२ लाख फर्निचर असा मोडला, आणि रेडी रेकनरने घराचे मूल्य ७६ लाख निघाले. शुल्क ७६ लाखांवरच भरावे लागते. शिवाय तफावत दहा टक्क्यांपेक्षा जास्त असल्याने ते ८ लाख खरेदीदाराचे उत्पन्न धरून त्यावर आयकर लागतो. कर्ज देताना बँक दस्तातली किंमत बघते, आणि पुढे घर विकताना भांडवली नफाही ८० नव्हे, तर कर लागलेले ८ लाख धरून ७६ लाखांपासून मोजला जातो. भिंतीत बसवलेली कपाटे, मॉड्युलर किचन यांना सामान म्हणणेही ओढूनताणूनच. सोफा, पलंग, फ्रीज यांची आजच्या वापरलेल्या अवस्थेतली किंमत लावून, फोटोंसह यादी कराराला जोडावी.

किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर खरेदीदाराने एक टक्का टीडीएस कापून भरायचा असतो. विक्रेता अनिवासी भारतीय असेल तर हा एक टक्क्याचा नियम लागू होत नाही, कपात बरीच जास्त असते; विसरल्यास भुर्दंड खरेदीदारावर.

बंगला असेल तर सातबारा आणि एनए आदेश आधी पाहावा, कारण महाराष्ट्रात बिगरशेतकऱ्याला शेतजमीन सहसा घेता येत नाही. फ्लॅट असेल तर पाहुण्यांना दिवसाच्या भाड्याने देण्यास सोसायटीची हरकत नाही ना, हे लेखी घ्यावे.

सामानामुळे भाड्याच्या उत्पन्नावरच्या करातही फरक पडतो. नुसत्या घराच्या भाड्यातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते. सामान आणि घर यांचे भाडे वेगळे काढता येत नसेल तर ती मिळत नाही, प्रत्यक्ष खर्च आणि घसारा दाखवावा लागतो. वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी आली. त्याखालच्या मालकाचे घर वेबसाइटवरून बुक झाले, तर पाहुण्याच्या मुक्कामावरचा जीएसटी ती वेबसाइटच भरते.

राहतो तो आधीच झालेल्या बुकिंगचा प्रश्न. ताबा दिल्यानंतरच्या तारखांसाठी विक्रेत्याने घेतलेला अ‍ॅडव्हान्स खरेदीदाराला वळता करायचा की किमतीतून वजा करायचा, हे करारातच लिहावे.