धुक्यातली वाडी आधी ऐका, मग पंप उचला

फाल्गुन लागला की केळवे-माहीमपासून पालघर, बोईसर, तारापूर-चिंचणीपर्यंतच्या पट्ट्यात एखादी पहाट अशी उगवते की दहा पावलांवरचे सुपारीचे झाड दिसत नाही. रात्री आभाळ निरभ्र, वारा पडलेला, जमीन थंड झालेली आणि समुद्राकडची हवा दमट. मग धुके उतरणारच. कारखान्यांच्या बाजूला त्यात धूरही मिसळतो, तो नाकाला लगेच कळतो.

अशा सकाळी आंबा बागायतदाराचा चेहरा पडतो. मोहोर भिजला, आता भुरी येणार, तुडतुडे वाढणार! चहा पोटात जातो न जातो तोच पंप पाठीवर चढतो.

बंधूंनो, त्या दिवशी अर्धा तास थांबा. रिकाम्या हाताने वाडीत जा आणि नुसते उभे राहा. दिसत काही नाही, तेव्हा कान चालवा.

पहिला आवाज बहुधा दयाळाचा. थंडीभर हा काळापांढरा पक्षी गप्पगप्प असतो. वसंत आला की अंधारातच झाडाच्या शेंड्यावर बसून सुरू होतो. मग कोकीळ. आपण 'कोकिळा गाते' म्हणतो, पण कुहू करणारा तो नर, काळाभोर, लाल डोळ्यांचा. मादी ठिपक्याठिपक्यांची, तिचा आवाज नुसता किक्‌-किक्‌. कुंपणातून भारद्वाजाचे घुमणे येते. पलीकडे उंबरावर तांबट भांडे ठोकल्यासारखा टुक-टुक करत बसतो. एकदा लागला की थांबायचे नाव नाही.

धुके विरू लागले की खुद्द मोहोरातून बारीक चिवचिव ऐकू येते. आपल्या कामाचा आवाज तो! शिंपी, चष्मेवाले, सूर्यपक्षी पानापानांतले किडे-अळ्या वेचत असतात. ऊन तापले की माश्या आणि मधमाश्याही येतात. आंब्याची फळधारणा बरीचशी याच माश्यांवर अवलंबून. नेमक्या त्या वेळी जहाल औषध मारले तर कीड मरेल, पण फळ धरवणारेही मरतील.

पक्षी सगळे तुडतुडे संपवतील असे मी म्हणणार नाही. उपद्रव वाढला तर फवारावेच लागते. पण मोहोर हलवून तुडतुडे किती उडतात ते आधी बघा, कृषी सहाय्यकाला विचारा. भुरीसाठी पाण्यात मिसळणारे गंधक शिफारशीच्या मात्रेत चालते. फुले पूर्ण उमललेली असताना फवारणी टाळा. अगदीच गरज पडली तर माश्या परतल्यावर, संध्याकाळी करा. (पोपट आणि वटवाघळे चिकू खातात, हे खरेच. त्यांची वकिली इथे नाही.)

औषधाचा फटका कुठवर जातो ते अर्जेंटिनात दिसले. 1995-96 च्या हंगामात तिथल्या शेतांत टोळ-नाकतोड्यांवर मोनोक्रोटोफॉस मारले आणि ते किडे खाऊन हजारो शिकारी पक्षी मेले. उत्तर अमेरिकेतून थंडी काढायला आलेले हे पाहुणे शेतकऱ्याचेच नाकतोडे खात होते. आपल्याकडेही या औषधाला भाजीपाल्यावर 2005 मध्ये बंदी आली. तरी मिरचीवाल्यांनी घरातली जुनी बाटली एकदा तपासावी.

आणखी एक. वाडी साफ करताना वठलेली फांदी दिसली की कोयता चालतो. तांबट अशाच मऊ फांदीत बीळ कोरतो, दयाळ ढोलीत घरटे करतो. ज्या फांदीखाली माणसाचा वावर नाही, ती पावसाळा संपेपर्यंत राहू द्या. बांधावरचा पांगारा, काटेसावर, उंबरही जळणाला देऊ नका. पांगाऱ्याला फूल आले की त्यावर मैना, कोतवाल, कावळे यांचा बाजार भरतो.

ग्रामपंचायतीच्या मंडळींसाठीही यात काम आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. ती नोंदवही कपाटातून काढा. पुढच्या धुक्याच्या सकाळी शाळेची चार मुले आणि वाडीत जन्म काढलेला एखादा म्हातारा बरोबर घ्या. कोण कुठल्या झाडावर बोलले ते लिहा, तारीख टाका, आणि पक्ष्यांची नावे तुमच्या गावात म्हणतात तीच लिहा.