पुढाऱ्याचा घास, लोकांची नजर

एप्रिल १९७६. अमेरिकेचे अध्यक्ष जेराल्ड फोर्ड प्रचारासाठी टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओला गेले, तेव्हा त्यांच्यापुढे तमाले आले. मक्याच्या पिठात सारण भरायचे, कणसाच्या सालीत गुंडाळून वाफवायचे आणि आपल्या पातोळ्यांसारखेच वरचे आवरण काढून खायचे, असा हा मेक्सिकन पदार्थ. फोर्ड यांनी सालीसकट चावा घेतला. पुढे टेक्सास त्यांच्या हातून दोनदा गेले, आधी पक्षांतर्गत लढतीत रेगन यांच्याकडे आणि नोव्हेंबरात कार्टर यांच्याकडे. पण त्यांना तमालेने पाडले म्हणणे भाबडेपणाचे होईल. पनामा कालव्यावरून रेगन यांनी रान उठवले होते. हा माणूस आपल्यातला नाही, या शंकेला त्या सालीने फक्त चित्र पुरवले. ब्रिटनच्या मजूर पक्षाचे तेव्हाचे नेते एड मिलिबँड बुजरे, अवघडलेले आहेत ही टीकाही जुनीच होती. म्हणून तर बेकन सँडविच खातानाचे त्यांचे २०१४ मधले छायाचित्र ‘द सन’ने २०१५ च्या मतदानाच्या आदल्या दिवशी पहिल्या पानावर छापले. कॅमेऱ्यासमोरचा घास आधीचा ग्रह पक्का करतो, एवढेच. नवी प्रतिमा घडायची तर त्या घासापायी काही सोसावे लागते.

असे सोसणे भारताने १९६५ मध्ये पाहिले. तेव्हा देश अमेरिकेच्या पीएल-४८० या अन्नमदत योजनेतल्या गव्हावर अवलंबून होता आणि पाकिस्तानशी झालेल्या युद्धाच्या काळात अमेरिकेने हात आखडता घेतला. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी लोकांना आठवड्यातून एक जेवण सोडायला सांगितले. सोमवारी संध्याकाळी हॉटेले बंद राहू लागली. सोमवारचा उपास धरणाऱ्या घरांत पान वाढतात ते संध्याकाळीच, आणि शास्त्रींनी मागितले तेच जेवण. हेही प्रतिमेचे राजकारण नव्हते का, असे कोणी विचारील. होतेच. पण आवाहनाआधी त्यांनी हा प्रयोग स्वतःच्या घरात करून पाहिला, असे त्यांचे कुटुंबीय सांगतात. गहू किती वाचला हा हिशेब वेगळा. लोकांनी ऐकले, कारण मागणाऱ्याचेही ताट रिकामे होते.

मग दलितांच्या घरी जेवणारे पुढारी? ते नुसते नाटक म्हणून मोडीत काढता येणार नाही, कारण सहभोजनाने इतिहास घडवला आहे. केरळात चेराई येथे १९१७ मध्ये समाजसुधारक सहोदरन अय्यप्पन पुलया या दलित जातीच्या लोकांबरोबर पंगतीला बसले. त्यांच्याच एळवा समाजाने त्यांना वाळीत टाकले, ‘पुलयन अय्यप्पन’ म्हणून हिणवले. पुढे ते मंत्री झाले. आज निवडणुकीच्या तोंडावर वस्तीत पान मांडून बसणाऱ्या पुढाऱ्यावर कोण बहिष्कार घालतो? मग त्याला दुसरे विचारायला हवे: पुढच्या पाच वर्षांत तो त्या घरी पुन्हा गेला का, आणि त्या घरातल्या मुलीला त्याने स्वतःच्या घरी जेवायला बोलावले का.