निस्ताराची वही

वाजिब-उल-अर्ज हा शब्द आज भंडारा जिल्ह्यातील एखाद्या तरुणाच्या कानी घातला, तर तो बहुधा मुशायऱ्यातला समजेल. परंतु मध्यप्रांताच्या बंदोबस्ताच्या दप्तरात ज्या कागदावर गावाच्या वहिवाटी नमूद होत, त्या कागदाचे हे नाव, आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत तो निस्तारपत्रकासह अजून कायम आहे. तलावाचे पाणी कोणाच्या बांधीत आधी जावे, मासे कोणी धरावेत, कोणती वाट कोणास खुली असावी हे एका कागदात. गुरे कोठे चारावीत, सरपण, मुरूम, माती कोणत्या अटीवर आणि किती न्यावी, म्हणजे गावाचा निस्तार, हे दुसऱ्यात. सृष्टीकडून आपण काय घेतो याचा हिशेब मांडण्याची कल्पना परदेशातून आली, असे समजणाऱ्यांनी एकदा तहसिलीतली ही जुनी बाडे चाळावीत.

मोहाडी तालुक्यातील करडी हे वैनगंगेच्या खोऱ्यातले, धानावर जगणाऱ्या मुलखातले गाव. या मुलखाची खरी दौलत म्हणजे तलाव: गोंड राजांच्या अमदानीत कोहळी मंडळींनी उताराचा कानोसा घेत पाळी घातल्या, तुडूम, म्हणजे पाणी सोडण्याची दारे, बसविले आणि पाट काढले. पूर्व विदर्भातील अशा तलावांची संख्या सहा हजारांहून अधिक भरते. १९५१ साली मालगुजारी, म्हणजे गावावरील जमीनदारीची पद्धत, संपुष्टात आली, ते न्याय्यच झाले. पण तलाव सरकारजमा होताच गाळ काढण्याची जबाबदारी सर्वांची, म्हणजे कोणाचीच नाही, अशी गत होऊन ठिकठिकाणी पाण्याच्या जागी गाळ आणि बेशरमाची झुडपे माजली. निस्तार घेणाऱ्याचा हिशेबाशी असलेला संबंध तेथे प्रथम सुटला.

आजचा आपला निस्तार तर डोळ्यांना दिसतच नाही. चार माणसांचे एक मध्यम स्थितीतले घर घेऊ. दोन महिन्यांस एक गॅस सिलिंडर लागतो, त्यातील १४.२ किलो वायू जळून सुमारे ४२ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे वर्षाकाठी अडीचशे किलो. तेच घर महिन्याला १०० युनिट वीज वापरीत असेल, तर देशातील सरासरीने युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम धरून वर्षाचे ८४० किलो होतात. चुलीपुढे डोळे चोळणाऱ्या माउलीला धूर दिसे. विजेचा धूर मात्र कोराडी, खापरखेडा, मौदा, तिरोडा येथील धुराड्यांतून निघतो, म्हणून बटण दाबणारा स्वतःस निर्दोष मानतो. नागपूरला मोटारसायकलने जाऊन येणाऱ्याचे अडीच लिटर पेट्रोल जळाले, तर त्याच्या नावे सुमारे पावणेसहा किलो पडतात, एस. टी.त बसला असता तर याचा अल्पांश पडता.

खरा पेच धानात आहे. बांधीत पाणी सतत साचून राहिले की मातीतील प्राणवायू संपतो, आणि त्यावाचून जगणारे सूक्ष्मजीव कुजणाऱ्या द्रव्यापासून मिथेन निर्माण करतात, ज्याची उष्णता धरून ठेवण्याची शक्ती शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट असते. रोवणीनंतर पऱ्हे मूळ धरू लागले की बांधी अधूनमधून सुकू देऊन पुन्हा भरावी, म्हणजे हा वायू पुष्कळ घटतो आणि पाणीही वाचते, असे कृषिशास्त्र सांगते. सल्ला खरा आहे. परंतु ज्याच्या वरचा तलाव गाळाने अर्धा भरला आहे आणि ज्याचे तुडूम नादुरुस्त आहे, त्याने हाती असलेले पाणी सोडून द्यावे, ते पुन्हा मिळण्याचा भरवसा कोणी द्यावा? शेतकऱ्याला मिथेनचा दोष देण्यापूर्वी तलावाचा गाळ उपसावा, असे माझे स्पष्ट मत आहे; तो गाळ शेतात पसरला तर खताचाही खर्च वाचतो. शिवाय भारतीय माणसाच्या वाट्यास वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड येतो, अमेरिकेतील माणसाच्या वाट्यास सुमारे चौदा टन. ही तफावत विसरून गरिबाला उपदेश करणे शोभत नाही.

मात्र आपल्यातही सारे सारखे नाहीत. नागपूरच्या बंगल्यातील सांडपाणी नाग नदीतून कन्हानेत, कन्हानेतून वैनगंगेत आणि अखेर गोसीखुर्दच्या जलाशयात पोचते. निस्तार एकाचा, भोगवटा दुसऱ्याचा.

घरापुरते पाहता, प्लास्टिकची पिशवी नाकारून कृतकृत्य होण्यापेक्षा पंखा बदलणे अधिक वजनाचे ठरते. जुना ७५ वॅटचा पंखा काढून ३० वॅटचा लावला आणि तो रोज बारा तास, वर्षातून अडीचशे दिवस फिरला, तर १३५ युनिट, म्हणजे सुमारे ९५ किलो वाचतात. पिशवीचे महत्त्व वेगळे आहे: ती तलावाच्या पाटात अडकते.

सिलिंडर लावल्याची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत टिपून ठेवण्याची चाल आपल्याकडे घरोघर आहे. तिच्याच शेजारी, दर महिन्याच्या पहिल्या तारखेच्या चौकटीत, विजेच्या मीटरचा आकडा आणि गाडीत भरलेल्या पेट्रोलचे लिटर लिहिण्यास पुरेशी जागा उरते.