ट्रेड फेअरचा दिवस : सगळे पाहायचे की सगळ्यांनी पाहायचे?

नोव्हेंबर लागला की दिल्ली आणि आसपासच्या घरांतून एक प्रश्न हमखास निघतो, 'यंदा ट्रेड फेअरला कधी जायचे?' मुलांना तिथल्या खाऊची ओढ असते, आईला साड्यांची आणि स्वयंपाकघरातल्या नव्या वस्तूंची, बाबांना यंत्रे बघायची असतात, तर आजीला महाराष्ट्राच्या दालनात आपल्या भाषेतले दोन शब्द कानावर पडावेत असे वाटते. त्यातच पुण्या-नागपूरहून कोणी पाहुणे आले असतील, तर मग काय विचारता! आठ-दहा जणांचा तांडाच निघतो.

पण संध्याकाळी परतताना चित्र वेगळेच असते. धाकट्याचे पाय दुखत असल्याने तो कडेवर, आजोबा कुठल्याशा दालनाबाहेर पिशव्या राखत दीड तास बसून कंटाळलेले, आईच्या दोन्ही हातांत ओझे आणि बाबांचा पारा चढलेला. पैसे खर्च झाले, पाय दुखले, पण मजा नेमकी कोणाला आली, हे कोणालाच सांगता येत नाही.

दोष मेळ्याचा नसतो. 'आलोच आहोत तर सगळे बघून घेऊ' या हट्टाचा असतो. एवढ्या मोठ्या मेळ्यात सगळे पाहणे शक्यच नसते. मात्र थोडा आधी विचार केला, तर घरातल्या प्रत्येकाने काहीतरी मनासारखे पाहावे, हे नक्की जमते.

मेळा केवढा, ते आधी समजून घ्या

दिल्लीचे प्रगती मैदान १९७२ च्या 'आशिया ७२' प्रदर्शनासाठी उभारले गेले. भारतीय आंतरराष्ट्रीय व्यापार मेळा, म्हणजेच आपला ट्रेड फेअर, इथे १९८० पासून भरतो. १४ नोव्हेंबर, म्हणजे बालदिनी तो सुरू होतो आणि २७ नोव्हेंबरला संपतो. करोनामुळे २०२० साली मात्र तो भरला नव्हता.

ज्यांनी लहानपणी हा मेळा पाहिला आहे, त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जुने मैदान आता राहिलेले नाही. १९८४ मध्ये सुरू झालेले अप्पू घर २००८ मध्ये बंद झाले. ओळखीचा 'हॉल ऑफ नेशन्स' २०१७ मध्ये पाडला गेला. २०२३ मध्ये 'भारत मंडपम' उभे राहिले. तेव्हा 'मला सगळे ठाऊक आहे' म्हणून पुढे चालू लागू नका आणि मुलांना अप्पू घराच्या गोष्टी सांगून घरातून काढू नका. हा परिसर सुमारे १२३ एकरांचा आहे. दालने प्रशस्त आहेत आणि काहींना वरचे मजलेही आहेत. एका दालनातून दुसऱ्यात जाईपर्यंतच म्हातारी माणसे आणि मुले थकतात.

कोणता दिवस, कोणती वेळ?

अलीकडच्या वर्षांत पहिले पाच दिवस व्यापाऱ्यांसाठी राखीव असतात. त्या दिवसांचे तिकीटही महाग असते. घरच्यांसाठी खरे दिवस १९ तारखेपासूनचे. त्यातही शनिवार-रविवारी अतोनात गर्दी उसळते. शक्य असेल तर एक दिवस रजा काढून मंगळवारी किंवा बुधवारी जावे. यात पैसेही वाचतात. २०२४ मध्ये मोठ्यांचे तिकीट आठवड्यातल्या दिवशी ८० रुपये आणि शनिवार-रविवारी १५० रुपये होते. मुलांचे अनुक्रमे ४० आणि ६० रुपये. म्हणजे आई-वडील आणि दोन मुले यांचे काम बुधवारी २४० रुपयांत झाले असते, त्यालाच रविवारी ४२० रुपये पडले असते. ज्येष्ठ नागरिकांना आणि दिव्यांगांना ओळखपत्र दाखवून मोफत प्रवेश मिळत आला आहे, म्हणून आजी-आजोबांचे आधार कार्ड पर्समध्ये आठवणीने ठेवा.

दरवाजे सकाळी उघडतात तेव्हाच पोहोचावे. पहिल्या दोन तासांत जेवढे निवांत पाहून होते, तेवढे दुपारनंतरच्या चार तासांतही होत नाही. संध्याकाळी ठरावीक वेळेनंतर आत सोडत नाहीत, त्यामुळे 'ऑफिस सुटल्यावर जाऊ' हा बेत बहुधा फसतो. वेळा, दर आणि कोणते दरवाजे उघडे आहेत, हे त्या वर्षीच्या वर्तमानपत्रात पाहून घ्यावे.

तिकीट आणि वाट

गेल्या काही वर्षांत मैदानाच्या दारावर तिकिटे विकली जात नाहीत. ती मेट्रोच्या ठरावीक स्थानकांवर किंवा ऑनलाइन मिळतात. हे माहीत नसल्याने दारापर्यंत जाऊन परत फिरणारी कुटुंबे दरवर्षी दिसतात. आदल्या दिवशीच तिकिटे काढून ठेवणे उत्तम.

जाण्यासाठी मेट्रोच सोयीची. निळ्या मार्गावरचे 'सुप्रीम कोर्ट' हे स्थानक, म्हणजे पूर्वीचे 'प्रगती मैदान', राजीव चौकपासून तिसरे आहे. घरातल्या बायका महिलांच्या डब्यात आणि पुरुष दुसऱ्या डब्यात शिरणार असतील, तर कोणत्या स्थानकावर उतरायचे आणि फलाटावर कुठे भेटायचे, हे आधीच बोलून घ्या. मेट्रो कार्डात परतीचेही पैसे भरून ठेवा. मेळा सुटल्यावर खिडकीसमोर लागणारी रांग पाहूनच दमलेल्या माणसाचा धीर सुटतो.

यादी करा, पण छोटी

आदल्या रात्री जेवताना प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा, 'तुला नक्की काय पाहायचे आहे?' प्रत्येकाची एकच गोष्ट लिहा. आजीचे महाराष्ट्राचे दालन, मोठीचे विज्ञानाशी संबंधित एखादे दालन, धाकट्याचा खाऊ, आईचे राज्याराज्यांतून आलेले हातमाग. पाच जणांच्या पाच गोष्टी झाल्या की दिवस भरला. उरलेल्या वेळात जे दिसेल ते वरकमाई समजावे.

विविध राज्यांची दालने हे या मेळ्याचे खरे वैभव. काश्मीरच्या शाली, बिहारची मधुबनी चित्रे आणि भागलपुरी रेशीम, लखनौची चिकनकारी, मुरादाबादची पितळी भांडी, ओडिशातल्या पिपिलीचे कापडी काम, आसामचे मुगा रेशीम आणि आपल्याकडच्या पैठण्या, कोल्हापुरी चपला. शाळेच्या नकाशात पाहिलेला देश मुलांना इथे हाताने चाचपून बघता येतो. त्यांच्या हाती एक छोटी वही द्या. प्रत्येक दालनातली एक वस्तू आणि ती कोणत्या गावची, एवढे लिहायला सांगा. मुले रमतात आणि 'आता घरी चला' ही भुणभुण कमी होते.

राज्यांचे 'राज्य दिवस'ही साजरे होतात. त्यात लोकनृत्ये आणि गाणी असतात. महाराष्ट्राचा दिवस कधी आहे ते पाहून बेत आखला, तर दिल्लीत वाढणाऱ्या मुलांना आपल्या मातीची कला समोर बसून पाहता येईल.

एक मोह मात्र टाळा. प्राणिसंग्रहालय आणि पुराना किला मैदानाला लागूनच आहेत, म्हणून तेही त्याच दिवशी उरकण्याचा बेत करू नका. दोन्ही अर्धवट होतात.

सर्वांत हळू चालणाऱ्याच्या पावलाने

दिवसाचा वेग घरातल्या सर्वांत सावकाश चालणाऱ्या माणसाने ठरवावा. दर तासाने पंधरा मिनिटे बसायचे, हा नियमच करा. गुडघेदुखी असलेल्या आजीसाठी व्हीलचेअर मिळते का, हे दारावरच विचारा. तीन-चार वर्षांच्या मुलासाठी बाबागाडी बरोबर घ्या. 'तो चालतो की आता' हे सकाळी खरे असते, दुपारी नसते.

पिशव्या राखण्याचे काम नेहमी आजी-आजोबांच्या किंवा आईच्याच वाट्याला येते. हे बरोबर नाही. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाळ्या लावा. बाबा आणि मोठी मुले बसतील तेव्हा आईने एकटीने निवांत साड्या बघाव्यात. वर्षातून एकदा तिलाही मागे कोणी घाई करत नाही, याचे सुख मिळायला हवे.

नोव्हेंबरात दिल्लीची दुपार उबदार असते, पण सूर्य कलला की गारठा चढतो. प्रत्येकाचा स्वेटर हवाच. याच दिवसांत हवेतले प्रदूषणही वाढते. घरात कोणाला दमा असेल, तर सकाळी हवेचा निर्देशांक पाहा. हवा 'गंभीर' असेल, तर बेत दोन दिवस पुढे ढकलण्यात कमीपणा नाही. नेहमीची औषधे आणि दम्याचा पंप जवळच ठेवा.

कोणी हरवले तर?

हा विचार अशुभ म्हणून टाळू नका. गर्दीत मुलाचा हात सुटायला एक क्षण पुरतो. घरातून निघताना मुलांचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो मोबाइलवर काढा. आई-वडिलांचे दोन फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी मुलाच्या आतल्या खिशात घाला. छातीवर नाव लावू नका, कारण अनोळखी माणसाने नावाने हाक मारली की मूल त्याला आपला समजते.

मुलाला तीनच गोष्टी शिकवा आणि घरीच दोनदा म्हणवून घ्या. हरवलो तर जिथे आहोत तिथेच थांबायचे, शोधत फिरायचे नाही. गणवेशातल्या पोलिसाला किंवा मुलांबरोबर असलेल्या एखाद्या बाईला सांगायचे. कोणाहीबरोबर मैदानाच्या बाहेर जायचे नाही. मोठ्यांनी आत शिरताच चौकशी केंद्र आणि पोलिसांची चौकी कुठे आहे, ते पाहून ठेवावे. मूल दिसेनासे झाले, तर एकाने तिथेच थांबावे आणि दुसऱ्याने लगेच पोलिसांना सांगावे. '११२' आणि मुलांसाठीचा '१०९८' हे नंबर लक्षात असू द्या.

आजी-आजोबांच्या खिशातही अशीच चिठ्ठी हवी. मोठ्या गर्दीत फोन लागेलच असे नसते. म्हणून एक खूण ठरवा आणि 'चुकामूक झाली तर दर तासाला तिथे' असे सांगून ठेवा. खूण अशी हवी, की दोन ठिकाणी सापडणार नाही. 'खाऊच्या गाळ्याजवळ' म्हणाल, तर असे शेकडो गाळे असतात!

खरेदी : आधी बघा, मग घ्या

निघण्यापूर्वी खरेदीची रक्कम ठरवा आणि ती वेगळ्या पाकिटात ठेवा. मुलांनाही त्यांच्या वाटणीचे पैसे द्या. स्वतःच्या पैशांचा हिशेब करताना मुले आपोआप विचारी होतात.

पहिली फेरी नुसती बघण्याची. आवडलेल्या गाळ्याचा नंबर लिहून ठेवा आणि परतीच्या वाटेवर घ्या. ओझेही कमी वाहावे लागते आणि निम्म्या वस्तूंचा मोह तोपर्यंत ओसरलेला असतो. भाजी चिरण्याच्या यंत्राचे प्रात्यक्षिक दाखवणाऱ्याचा हात बसलेला असतो, त्यामुळे काकडीचे कागदासारखे काप झरझर पडतात. 'मी करून बघू का?' असे विचारून स्वतः एक बटाटा कापून पाहा. विजेची वस्तू घेताना पक्के बिल, वॉरंटीचा कागद आणि आपल्या गावात दुरुस्ती होते का, याची खात्री करा. 'मेळ्यातली खास सूट' ही खरोखर सूट आहे का, हे घरच्या बाजारातला भाव माहीत असेल तरच कळते. रेशमी साडीवर 'सिल्क मार्क'चे लेबल आहे का, ते पाहा.

घासाघीस करायची असेल तर मोठ्या कंपन्यांच्या गाळ्यांवर करा. 'सरस'मध्ये खेड्यापाड्यांतल्या बचत गटांच्या बायका आपल्या हातचे लोणचे, पापड, कापड घेऊन आलेल्या असतात. त्यांच्याकडे दहा रुपयांसाठी अडून बसू नये.

खाणे-पिणे

मेळ्यात खायचेच, पण उपाशीपोटी जाऊ नका. घरून पोटभर न्याहारी करून निघा. पाण्याच्या बाटल्या, मुलांसाठी केळी आणि आजोबांच्या पथ्याचे थोडे बरोबर असू द्या. दुपारचे जेवण बारालाच उरकले, तर बसायला जागा मिळते. दीड वाजता ताट हातात धरून उभे राहावे लागते. बिहारचा लिट्टी-चोखा, राजस्थानची दाल-बाटी असे एकेक मागवून सर्वांनी वाटून खावे. चार घासांत चार राज्ये होतात आणि पोटही बिघडत नाही. मुलांच्या बाबतीत उघड्यावरची चटणी आणि बर्फाचा गोळा टाळलेलाच बरा.

परतताना

मेळा बंद होण्याच्या तासभर आधी निघा. 'अजून एवढे एकच दालन' म्हणण्याचा मोह तेव्हाच होतो आणि भांडणही तेव्हाच होते. यादीतली प्रत्येकाची एक गोष्ट झाली असेल, तर दिवस सत्कारणी लागला असे समजा. घरी पोहोचल्यावर स्वयंपाकाची कटकट नको, म्हणून सकाळीच खिचडीची तयारी करून ठेवा. जेवताना मुलांच्या वहीतले एकेक नाव मोठ्याने वाचा. जे राहिले त्याची यादी त्याच वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. पुढच्या वर्षी १४ नोव्हेंबर येणारच आहे.