आमची रोजची भाकर

नित्य म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थनेचे दैव मोठे विचित्र असते. ती जसजशी अधिक मुखोद्गत होते, तसतशी म्हणणाऱ्याला कमी ऐकू येऊ लागते. ओठ आपले काम चोख बजावीत असतात, आणि मन मात्र दुसऱ्याच गावी गेलेले असते. सर्व धर्मांच्या प्रार्थनांचा हाच अनुभव आहे. ख्रिस्ती लोकांची 'प्रभूची प्रार्थना' त्याला अपवाद नाही. गोव्यातील ख्रिस्ती घरांतून तिन्हीसांजेला जपमाळेबरोबर तिचे स्वर कानी येतात, आणि शेजारच्या हिंदू मुलांनाही तिची चाल ओळखीची असते. जगातील शेकडो भाषांत ती म्हटली जाते. अशा अतिपरिचित प्रार्थनेत नवा अर्थ तो काय सापडणार, असे कोणी विचारील. परंतु विद्यार्थिमित्रहो, तिच्यातील एकाच मागणीपाशी आपण क्षणभर थांबू या. ती मागणी आहे भाकरीची.

येशू ख्रिस्ताने आपल्या शिष्यांना शिकविलेली ही प्रार्थना बायबलमध्ये दोन ठिकाणी आढळते: मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात, आणि काहीशा संक्षिप्त रूपात लूकच्या अकराव्या अध्यायात. तिचा आरंभ ईश्वराला 'पिता' म्हणून केलेल्या हाकेने होतो. त्याचे नाव पवित्र मानले जावे, त्याचे राज्य यावे, त्याची इच्छा पूर्ण व्हावी, असे उदात्त विचार प्रथम येतात. मत्तयाच्या पाठात तर स्वर्ग आणि पृथ्वी या दोहोंना कवेत घेणारी ही वाणी पुढच्याच श्वासात आजच्या भाकरीची याचना करते. आकाशाला भिडलेली दृष्टी एकदम चुलीपाशी येते. या प्रार्थनेचे मर्म मला याच उतरणीत दिसते.

येशूची बोलभाषा अरामी होती. शुभवर्तमाने मात्र ग्रीक भाषेत लिहिली गेली. मराठीत आपण 'रोजची' म्हणतो, तेथे मूळ ग्रीक पाठात 'एपिऊसिऑस' असा शब्द आहे, आणि तो मोठा कूट शब्द आहे. ग्रीक ही ज्याच्या नित्य व्यवहाराची भाषा, त्या तिसऱ्या शतकातील ओरिगेन या पंडितानेही नमूद केले आहे की, हा शब्द विद्वानांच्या ग्रंथांत नाही आणि सामान्य लोकांच्या बोलण्यातही नाही. शुभवर्तमानकारांनीच तो घडविला असावा. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जेरोमने शुभवर्तमानांचा लॅटिन पाठ सिद्ध केला, तेव्हा एकाच शब्दासाठी त्याने दोन प्रतिशब्द योजले. लूकमध्ये त्याने 'रोजची' असे म्हटले, तर मत्तयात 'सर्व पदार्थांच्या पलीकडची' असा गूढ अर्थ दिला. पुढे १८८९ साली ईजिप्तमधील एका प्राचीन पपायरसाचे वाचन प्रसिद्ध झाले. तो होता घरखर्चाचा हिशेब, आणि त्यात हाच शब्द आढळल्याचे सांगण्यात आले. कोडे सुटले असे अनेकांना वाटले. परंतु विसाव्या शतकाच्या अखेरीस तो कागद पुन्हा तपासला गेला, तेव्हा तेथे केवळ 'तेल' असा शब्द असल्याचे दिसून आले!

'आजच्या दिवसाची', 'येणाऱ्या दिवसाची', 'जगण्यास आवश्यक तेवढी' असे या शब्दाचे निरनिराळे अर्थ विद्वान करतात. त्यांत मतभेद असले, तरी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. कोठाराची मागणी यांपैकी कोणत्याही अर्थात नाही. मागणे आहे ते बेताचे, मापातले.

हे माप येशूच्या श्रोत्यांना परिचयाचे होते. ईजिप्तच्या दास्यातून सुटून रानात भटकणाऱ्या त्यांच्या पूर्वजांना 'मान्ना' नावाचे अन्न मिळाले, ही कथा त्यांनी लहानपणापासून ऐकलेली होती. ज्याने त्याने आपल्या गरजेपुरतेच ते वेचावे, असा दंडक होता. काहींनी लोभाने दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवले, तेव्हा त्यात किडे पडले. विश्रामवाराच्या आदल्या दिवशी मात्र दुप्पट वेचण्याची मुभा होती. शिवाय, या श्रोत्यांमध्ये रोजमजुरीवर जगणारे पुष्कळ असत. मजुराचे वेतन सूर्यास्तापूर्वी त्याच्या हाती पडावे, अशी त्यांच्या धर्मशास्त्राची आज्ञा होती. कारण ते अडले, तर त्या घरची चूल अडे. जात्यावर दळून केलेल्या जवाच्या वा गव्हाच्या भाकरीवर ज्यांचा दिवस निभावे, त्यांच्या मुखी 'आजची भाकर आज दे' हे शब्द अलंकारिक नव्हते.

भाषांतराने हा अर्थ आणखी फुलतो. मराठीत 'भाकर' हा शब्द येताच कष्टकऱ्याची शिदोरी डोळ्यांपुढे उभी राहते. माझ्या कोंकणी मातृभाषेत त्या जागी 'गिरास', म्हणजे घास, असा शब्द रूढ आहे. पावाची ओळख गोव्याला पोर्तुगीजांमुळे झाली; येथील मूळचा आहार भाताचा. भात जेवणाऱ्याला 'घास' हा शब्द किती जवळचा वाटतो! भाकर भाजावी लागते, घास मात्र थेट मुखाशी नेला जातो. आई लेकराला भरविते तोही घासच. ईश्वराला पिता म्हणणाऱ्याने त्याच्याकडे घास मागावा, यात नात्याची केवढी ऊब आहे!

आता 'आमची' हा शब्द पाहा. या संपूर्ण प्रार्थनेत 'मी', 'मला', 'माझे' असा एकही शब्द नाही. एकटा मनुष्य दार लावून ती म्हणत असला, तरी त्याला 'आमचा पिता' आणि 'आमची भाकर' असेच म्हणावे लागते. मग या 'आम्हां'त कोण कोण येते? ज्याच्या घरी आज चूल पेटली नाही, तोही येतोच. तेव्हा जो ही प्रार्थना म्हणतो, तो स्वतःबरोबर त्या उपाशी माणसासाठीही मागतो. आणि मिळालेल्या भाकरीत त्याचाही वाटा आहे, हे नकळत कबूल करतो.

भाकरीला लागूनच येते ते ऋण. मत्तयाच्या पाठात 'आमची ऋणे सोड' अशी विनवणी आहे, तर लूकच्या पाठात त्या जागी 'पापे' आहेत. अरामी भाषेत ऋण आणि पाप या दोहोंसाठी एकच शब्द वापरीत, हे कळले म्हणजे हा भेद उलगडतो. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण मानणाऱ्या आपल्या परंपरेला ही कल्पना परकी वाटू नये. परंतु येथे एक अट आहे. आम्ही आमच्या ऋणकोला सोडतो, तसे तू आम्हांला सोड, असे हे मागणे आहे. भाकर आणि कर्ज, गरिबाच्या घरच्या या दोन चिंता. प्रार्थनेने दोन्ही ईश्वरापुढे ठेवल्या आणि दोहोंत शेजाऱ्याला आणून उभे केले.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या घरची प्रार्थना कोणत्याही धर्माची असो, तिच्यातील एखाद्या शब्दापाशी रोज क्षणभर थांबा आणि त्याचा अर्थ विचारा. जुने शब्द झिजलेल्या नाण्यांसारखे दिसतात, पण त्यांचे मोल उतरलेले नसते. आणि उद्या मधल्या सुट्टीत डबा उघडाल, तेव्हा शेजारच्या बाकावर कोणी रिकाम्या हातांनी बसले आहे का, हे अवश्य पाहा. 'आमची भाकर' या दोन शब्दांचा अर्थ तेथे कोणत्याही कोशापेक्षा लवकर कळेल.