मोराची अंडी आणि आपली करुणा

सम्राट अशोकाच्या गिरनार येथील पहिल्या शिलालेखात मोराचा उल्लेख आहे. पूर्वी राजाच्या पाकशाळेत रोज असंख्य प्राणी मारले जात. लेख कोरला गेला तेव्हा ती संख्या तिनावर आली होती : दोन मोर आणि एक हरीण, आणि हरीणही रोज नव्हे. पुढे हे तीन प्राणीही मारले जाणार नाहीत, असे राजाने त्याच लेखात जाहीर केले. पुढील काळातील पाचव्या स्तंभलेखात पिल्लू पोटात असलेल्या व दूध पाजणाऱ्या शेळ्या, मेंढ्या व डुकरिणी आणि त्यांची सहा महिन्यांच्या आतील पिल्ले यांना अभय दिलेले दिसते. पिल्लाला आईजवळ वाढू द्यावे, हा विचार आपल्या परंपरेत इतका जुना आहे.

या विचाराची आठवण आज करून देण्याचे कारण व्यावहारिक आहे. आपल्या वसतिगृहातील बहुसंख्य विद्यार्थी शेतकरी व शेतमजूर कुटुंबांतून येतात. पावसाळ्यात गवत कापताना किंवा पिकातील तण काढताना मोराची अंडी त्यांच्याच आईवडिलांना सापडतात. अंडी उघडी आहेत, थंड पडली आहेत, जवळ लांडोर दिसत नाही. तेव्हा दयेपोटी ती घरी आणून खुडूक कोंबडीखाली ठेवली जातात. हेतू चांगला असतो, परंतु परिणाम चांगला होत नाही. असे का होते, हे समजण्यासाठी अंड्यापासून पिल्लापर्यंतचा प्रवास पाहिला पाहिजे.

घरटे आणि उबवणी

लांडोर झाडावर घरटे बांधत नाही. झुडपाखाली, बांधावरच्या गवतात किंवा उभ्या पिकात ती जमिनीवर उथळ खळगा करते. आपल्याकडे विणीचा हंगाम प्रामुख्याने पावसाळ्यात असतो. एका वेळी साधारणतः चार ते सहा, क्वचित आठ अंडी असतात. ती फिकट पिवळसर रंगाची असून कोंबडीच्या अंड्याच्या जवळजवळ दुप्पट वजनाची भरतात. मोर या कामात काहीच वाटा उचलत नाही; उबवणी आणि संगोपन ही दोन्ही कामे एकटी लांडोर करते.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. लांडोर सगळी अंडी एका दिवशी घालत नाही. एक-दोन दिवसांच्या अंतराने ती एकेक अंडे घालते आणि सर्व अंडी घालून झाल्यावरच त्यांवर बसते. त्यामुळे सगळी पिल्ले जवळपास एकाच वेळी बाहेर पडतात. तोपर्यंत अंडी थंड आणि एकटी असतात, तरीही ती जिवंत असतात. उबवणी सुरू झाल्यावरही लांडोर थोडा वेळ चरायला उठते. म्हणून थंड अंडे म्हणजे टाकून दिलेले अंडे, हा समज चुकीचा आहे.

उबवणीला 28 ते 30 दिवस लागतात. या काळात लांडोर चोचीने अंडी वारंवार फिरवते, त्यामुळे आतील गर्भ कवचाला चिकटत नाही. तिचा मातकट तपकिरी रंग गवतात मिसळून जातो. धोका जवळ आला तरी ती शेवटच्या क्षणापर्यंत हलत नाही. कापणीच्या वेळी विळा किंवा यंत्र तिच्यापर्यंत पोहोचते, ते यामुळेच.

पिल्लाचे शिक्षण

मोराचे पिल्लू चिमणीच्या पिल्लासारखे आंधळे व उघडे जन्मत नाही. त्याचे डोळे उघडे असतात, अंगावर लव असते आणि थोड्याच वेळात ते आईमागे चालू लागते. पंखांची पिसे लवकर वाढतात. साधारण दोन आठवड्यांत ते थोडेफार उडू शकते. ही घाई आवश्यक असते, कारण मुंगूस, घोरपड, रानमांजर आणि भटकी कुत्री यांपासून रात्री वाचायचे तर झाडाची फांदी गाठावी लागते.

सुरुवातीला लांडोर किडा चोचीत धरून पिल्लापुढे करते. मुंग्या, वाळवी, नाकतोडे हे त्याचे पहिले अन्न. आईचा कोणता आवाज ऐकून दबून बसायचे, कोणता ऐकून पळायचे, संध्याकाळी कोणत्या झाडावर चढायचे, हे सारे ते तिच्या सोबतीने शिकते. हा सहवास अनेक महिने टिकतो. नराचा पिसारा तर तिसऱ्या वर्षापासून लांब वाढू लागतो.

माणसाने उबवले तर

ज्या देशांत मोर पाळण्यास परवानगी आहे, तेथे उबवणी यंत्रात सुमारे 37.5 अंश सेल्सिअस तापमान राखतात, दिवसातून अनेक वेळा अंडी फिरवतात आणि शेवटचे तीन दिवस ती स्थिर ठेवतात. पिल्लांना पहिल्या आठवड्यात सुमारे 35 अंश ऊब देऊन पुढे ती हळूहळू कमी करतात. त्यांना कोंबडीच्या पिल्लांपेक्षा अधिक प्रथिनांचा आहार द्यावा लागतो. एवढे करून जो पक्षी तयार होतो, तो पाळीव असतो.

घरच्या कोंबडीखाली अडचणी आणखी वाढतात. तिची स्वतःची अंडी 21 दिवसांत फुटतात. मोराच्या अंड्यांसाठी तिला आठवडाभर अधिक बसावे लागते आणि काही कोंबड्या मध्येच उठतात. पिल्ले निघालीच, तर कोंबडीच्या विष्ठेतील कृमींच्या अंड्यांबरोबर एक सूक्ष्म परजीवी त्यांच्या पोटात जाऊ शकतो. कोंबडीला त्याचा फारसा त्रास होत नाही. मोराच्या पिल्लाचे आतडे व यकृत मात्र त्याने बिघडते. यातूनही जे पिल्लू वाचते, ते माणसाला आणि कुत्र्याला घाबरत नाही. असा पक्षी रानात सोडला तर फार काळ टिकत नाही.

कायदा काय सांगतो

मोर 1963 पासून आपला राष्ट्रीय पक्षी आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश आहे. या कायद्यात शिकारीची व्याख्या व्यापक आहे. वन्य पक्ष्याची अंडी नेणे, त्यांची नासधूस करणे किंवा घरट्याला त्रास देणे हेही तिच्यात येते. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या बाबतीत शिक्षा तीन ते सात वर्षांच्या कारावासाची आहे. दयेपोटी अंडी उचलणारा गरीब मजूर या कलमाखाली सापडू शकतो, ही माहिती प्रत्येक घरी पोहोचली पाहिजे.

अंडी दिसली तर

अंड्यांना हात न लावता मागे फिरावे. घरट्याभोवती काही पावलांचा पट्टा न कापता ठेवावा आणि काम करणाऱ्या सर्वांना तो दाखवून द्यावा. कुत्री तिकडे जाऊ देऊ नयेत. पाहायला गर्दी करू नये आणि छायाचित्रासाठी लांडोरीला उठवू नये. वारंवार त्रास झाल्यास ती घरटे सोडते. कापणीने घरटे आधीच उघडे पडले असेल, लांडोर जखमी असेल किंवा पिल्लू एकटे सापडले असेल, तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे आणि सांगितल्याप्रमाणे करावे. महिनाभरात पिल्ले निघून जातात. त्यानंतर ते गवत खुशाल कापावे.

ज्या विद्यार्थ्यांना पिल्ले वाढवण्याची हौस आहे, त्यांनी घरी गावरान कोंबडी पाळावी. 21 दिवसांची उबवणी, ऊब, स्वच्छ पाणी, कोरडे खुराडे हे सर्व त्यात शिकता येते आणि घराला हातभारही लागतो.

जातककथांपैकी मोर जातकात बोधिसत्त्व सोनेरी मोराच्या रूपाने जन्मतात, आणि त्या कथेशी जोडलेले मोर परित्त आजही बौद्ध देशांत म्हटले जाते. प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याचे पहिले शील आपण रोज ग्रहण करतो. ते पाळण्यासाठी बहुतेक वेळा काही करावे लागत नाही, हात आवरावा लागतो. येत्या पावसाळ्यात आपल्या शेतातील चार हात गवत महिनाभर उभे राहिले, तर हे शील त्या बांधावर पाळले गेले असे म्हणता येईल.