‘असामान्य क्षमता’ कागदावर कशी दिसते?

आज बोलायचं आहे ते अमेरिकेच्या तथाकथित ‘टॅलेंट व्हिसा’बद्दल. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर १ लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं, आणि तेव्हापासून आम्हाला हाच प्रश्न सारखा येतो : “एच-वन-बी नको, ओ-वन करू का?”

आधी एक गल्लत दूर करू. १९९० च्या इमिग्रेशन कायद्यात ‘असामान्य क्षमता’ हे शब्द दोन ठिकाणी येतात. एक ओ-वन. हा तात्पुरता व्हिसा, सुरुवातीला जास्तीत जास्त ३ वर्षांचा. एच-वन-बीला वर्षाला ६५ हजार आणि वर २० हजार अशी मर्यादा आहे, म्हणून लॉटरी. ओ-वनला मर्यादाच नाही. पण त्याचा अर्ज स्वतःचा स्वतः करता येत नाही. तिथली कंपनी किंवा एजंट लागतो. दुसरं ठिकाण ईबी-वन-ए, म्हणजे ग्रीन कार्डचा रस्ता. तिथे मात्र नोकरी देणारा कोणी नसला तरी चालतं, अर्ज आपला आपण करायचा.

आता ‘असामान्य’ कोणाला म्हणायचं? नियम सांगतो, आपल्या क्षेत्राच्या अगदी शिखरावर पोचलेल्या थोड्या लोकांपैकी एक. हे मोजणार कसं? नोबेलसारखा पुरस्कार असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर विज्ञान-उद्योगाच्या ओ-वनसाठी ८ निकषांपैकी किमान ३, ईबी-वन-एसाठी १० पैकी ३. पुरस्कार, तुमच्यावर छापून आलेले लेख, इतरांच्या कामाचं परीक्षण, मोठ्या महत्त्वाचं मूळ योगदान, शोधनिबंध, नामांकित संस्थेतली कळीची भूमिका, भरघोस पगार वगैरे.

ही यादी जरा नीट ऐका. यातलं बहुतेक सगळं म्हणजे तुमचं काम नव्हे, तुमच्या कामाबद्दल जगाने ठेवलेली नोंद आहे. अधिकारी भौतिकशास्त्र तपासत नाही. तो कागद तपासतो.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे कझारियन खटला. इमिग्रेशनचे वकील हे नाव उठता-बसता घेतात. आर्मेनियातून आलेले हे सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ. त्यांच्या बाजूने पत्र देणाऱ्यांत कॅलटेकचे किप थॉर्न होते, ज्यांना पुढे २०१७ चं नोबेल मिळालं. तरी अर्ज फेटाळला गेला. २०१० मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने खात्याला चूक दाखवली : नियमात फक्त ‘शोधनिबंध’ म्हटलंय, त्यावर इतर संशोधकांची दखल हवी ही अट तुम्ही मनाने घातली. म्हणजे कझारियन जिंकले? नाही हो! निबंध धरूनही त्यांचे दोनच निकष भरले, आणि हवे होते तीन. दिग्गजांची पत्रं मदत करतात, पण ठोस पुराव्याची जागा घेत नाहीत, असं ठरलं.

त्याच निकालातून आजची दोन पायऱ्यांची पद्धत आली. आधी निकष मोजायचे, मग सगळं एकत्र पाहून हा माणूस खरंच शिखरावर आहे का ते ठरवायचं. त्यामुळे “माझे तीन झाले” एवढ्यावर गाडी थांबत नाही.

आता समजा, पुण्याहून गेलेली एक अभियंता आहे. तिने लिहिलेल्या प्रणालीवर बँकेचे रोजचे व्यवहार चालतात. पण कंपनीशी गोपनीयतेचा करार, निबंध एकही नाही, वर्तमानपत्रात नाव नाही. तिच्या शेजारी बसणारा कामात बेताचा, पण परिषदांना जातो, परीक्षक होतो. अर्ज कोणाचा भक्कम दिसेल? आमच्या मते या व्हिसाचं हेच खरं दुखणं आहे. मग पैसे मोजून पुरस्कार, पैसे मोजून लेख असा बाजार उभा राहतो. त्या फंदात पडू नका. बनावट पुराव्याचा ठपका पुढच्या प्रत्येक अर्जावर राहतो.

कागद करायचेच, तर खरे करा. व्यवस्थापकाकडून भूमिकेचं तपशीलवार पत्र, पेटंट, आकड्यांत दाखवता येणारा परिणाम. हे नोकरी सुटायच्या आत गोळा करावं, नंतर कोण देतंय!

आणि ईबी-वन-एमुळे भारतीयांची रांग चुकत नाही. रोजगारावरच्या सुमारे १ लाख ४० हजार वार्षिक ग्रीन कार्डांत एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्के, आणि देश धरतात तो जन्माचा. रांग आहेच, फक्त ईबी-टूपेक्षा पुष्कळ छोटी. ईबी-टूचा अर्ज आधी मंजूर असेल तर त्याची जुनी तारीख इथे लागू होते. दहा-दहा वर्षं थांबलेले लोक ईबी-वन-एमागे लागतात ते यासाठी.

मागून एक ताई विचारतायत : नवऱ्याने एच-वन-बीवरून ओ-वन घेतलं तर माझ्या नोकरीचं काय? ताई, हा प्रश्न आधी विचारायला हवा. एच-फोरवर, नवऱ्याचा ग्रीन कार्डचा अर्ज मंजूर असेल तर, तुम्हाला कामाचा परवाना मिळू शकतो. ओ-वनच्या जोडीदाराला मिळतो ओ-थ्री, आणि ओ-थ्रीवर काम करता येत नाही. नवऱ्याची नोकरी गेली तर दोन्ही व्हिसांवर मुदत सारखीच, जास्तीत जास्त ६० दिवस. तेव्हा घरात दोन पगार असतील, तर एक बंद ठेवून किती महिने निघतील याचा हिशेब आधी मांडा आणि मग वकिलाकडे जा.